उसाशांचे सोडे

दिवाळे गावात कुणी आजारी पडलं की त्याला भेटायला जायची एक ठरलेली रीत आहे. बिस्किटाचा पुडा न्यायचा, खाटेच्या पायथ्याशी बसायचं, आजाऱ्याकडे टक लावून बघायचं आणि एक लांबलचक उसासा टाकायचा. मग चहा घेऊन उठायचं. मासळीचा टब डोक्यावर घेऊन पुतळा कोळीण जेट्टीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि तिचा मणका मोडला, तेव्हा तर अख्खा गाव उसासे घेऊन लोटला.

कमरेखाली आता तिला काही कळत नव्हतं. घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. जिची हाक ऐकून गिऱ्हाइकं भाव विचारायच्या आधीच पिशवी उघडायची, ती बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण नको, वेणीफणी नको, बोलणं नको. बोलली ती एकदाच, नवऱ्याशी.

"अवो, मना खाडीन नेऊन टाका."

शिवाने होडीवर आयुष्य काढलं होतं, वादळं बघितली होती, पण असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्याने घरातलं धारेचं सगळं उचलून शेजाऱ्यांकडे ठेवलं आणि सकाळी इस्पितळातल्या सुचिता मॅडमना फोन लावला. मॅडम मणका मोडलेल्या माणसांच्या मनाचं बघायच्या. त्यांनी पुतळाला डॉक्टरांकडून गोळ्या सुरू करून दिल्या आणि मग दर आठवड्याला तिच्याशी बोलायला लागल्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

पायांचा, असं उत्तर येईल म्हणून मॅडम तयारीत होत्या. पुतळा म्हणाली, "उसाशांचा."

"आणि हवंय काय?"

"माझा ओटा."

बाजारातला तिचा ओटा म्हणजे सिमेंटचा हातभर उंचीचा चौथरा. सासूनंतर तिथे पुतळाच बसत आली होती. सध्या धाकटी जाऊ रंजिता बसत होती. मग का जात नाही, असं मॅडमनी विचारल्यावर पुतळाने पांघरूण कमरेवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "लघवीची पिशवी लावलीय. भर बाजारात गळली तर? पाय गेले ते गेले, पन लाज हाय ना अजून." यावर मॅडमनी धीराचं भाषण केलं नाही. भीती खरी आहे, एवढंच म्हणाल्या. पुतळाला त्या पहिल्यांदा आवडल्या.

त्याच संध्याकाळी रंजिता आली. तिचा उसासा गावात अव्वल होता, खर्जात सुरू होऊन नाकात संपायचा. तिने छाती भरून घेतली मात्र, पुतळाने शिवाने खाटेजवळ आणून ठेवलेली कोलंबीची पाटी तिच्या मांडीवर सरकवली. "आयलीस तशी चार सोल, गो."

रंजिताचा उसासा घशातच अडकला. हात कोलंबीत, नाकाला खाज आणि खाजवायची सोय नाही, अशा अवस्थेत माणसाला दुसऱ्याची कीव करता येत नाही, हा शोध पुतळाला तेव्हा लागला. पडल्यापासून ती पहिल्यांदा हसली. शिवा मोरीत तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ धूतच राहिला.

मग धंदाच मांडला तिने. जो उसासा टाकेल त्याच्यापुढे पाटी. उसासा छोटा तर पाटी छोटी. केशरबाई म्हातारी हुशार, ती दारातच उसासा उरकून आत यायची, तर पुतळाने खाट दाराशी हलवून घेतली. लोक येईनासे होतील असं शिवाला वाटलं होतं, पण सोलता सोलता गावच्या भानगडी अशा रंगायला लागल्या की न बोलावता लोक येऊ लागले. सगळेच दिवस असे नसायचे. कधी पुतळा पुन्हा भिंतीकडे वळायची. मग शिवा कोलंबी बर्फात ठेवायचा आणि नुसता शेजारी बसून राहायचा.

सोललेली कोलंबी अंगणात वाळली, तिचे लालसर सोडे झाले. रंजिता म्हणाली, "मी विकते, बाय. तू आराम कर."

आराम हा शब्द ऐकून ऐकून पुतळाचे कान किटले होते. "उसासे माझ्यावर टाकलेले, तर सोडे मीच विकनार," ती म्हणाली आणि बोलून बसल्यावर रात्रभर घाबरली.

शिवाने जुन्या होडीची फळी तासून खुर्ची आणि ओट्यामध्ये टाकली. तिच्यावरून घसरत पुतळा आपल्या जागेवर आली, जाड उशीवर बसली, पाठीला टेकू घेतला. रंजिता शेजारच्या रिकाम्या ओट्यावर सरकली. बाजाराने उसासा टाकायला तोंड उघडलं आणि पाटीच्या धाकाने मिटलं. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून तिला मधून मधून दोन्ही हातांवर अंग उचलावं लागे. ते ती नेमकं गिऱ्हाइकाने भाव पाडला की करायची. आता ही अंगावर येतेय, असं वाटून गिऱ्हाईक सांगितल्या भावाला कबूल व्हायचं.

एक दिवस बेलापूरच्या सरकारी कचेरीतले शहाजीराव कडक इस्त्रीत सोडे चाचपत उभे होते, तेव्हा पुतळाचं लक्ष खाली गेलं. लुगडं भिजलं होतं. पिशवीची नळी निसटली होती. ओट्यावरून ओघळ शहाजीरावांच्या बुटांकडे निघाला होता. तिच्या तोंडचा भाव तोंडातच राहिला. तिला भिंत हवी होती, तोंड वळवायला, आणि बाजारात भिंत नव्हती.

शेजारच्या ओट्यावरून रंजिताने बघितलं. ती उठली, मासळी धुतलेल्या पाण्याची बादली उचलली आणि ओट्यावर उपडी केली. पुतळा भिजली, सोडे भिजले, शहाजीराव कमरेपर्यंत भिजले.

"अहो, काय हे? कपडे बघा माझे."

पुतळाने एकदा बादलीकडे बघितलं, एकदा जावेकडे. मग तिचा जुना आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "मासळी बाजारान सुकं रायाचं असल तर कापडाच्या दुकानान जा, सायेब. बोला, किती देऊ?"

शहाजीरावांनी भिजलेले सोडे मुकाट्याने घेतले. धावत आलेल्या शिवाने चादरीचा आडोसा धरला, रंजिताने नळी नीट बसवली, लुगडं बदललं.

"मुद्दाम केलंस ना गो?" पुतळा हळूच म्हणाली.

"कायतरीच, बाय. हात सटकला," म्हणून रंजिताने डोळे पुसले आणि खर्जातून एक लांब उसासा सुरू केला.

पुतळाने तिच्यापुढे कोलंबीची पाटी सरकवली.