तिची फाइल नव्या कंप्युटरवर आली

मी सातवी नापास माणूस. हे लिहून राहिलो ते वहीत, पेननं. टाइप करणारी गेली.

बूढ़ापारा मोहल्ल्यात आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक खोली. मी मशीनवर, बायको कंप्युटरवर. लग्नपत्रिका, बिलबुकं, तेरवीची कार्डं. मराठी असो की हिंदी, ती टाइप करे, मी छापे. धंदा बसला तवा मशीन विकली अन् कंप्युटर घरी आणला. दुपारी मी जेवून आडवा झालो की ती त्याच्यासमोर जाऊन बसे. खटखट चालू. मले त्या आवाजात चांगली झोप लागे.

एकदा इचारलं, "काय करून राहिली?"

"लिहून राहिली. आपलं दोघांचं."

"आपलं काय लिहासारखं आहे? मी शाई लावली अन् तू कुकर लावला."

"तेच लिहून राहिली. पूर्ण झालं की तुम्हालेच वाचाले लावीन. मोठ्यानं."

मी हसलो अन् कूस बदलली. कधी मागून घेऊन वाचलं नाही. बायकोनं लिहिलेलं चष्मा लावून वाचावं असं काही मले वाटलं नाही, हे खरं सांगतो. मग ती पाच दिवस दवाखान्यात होती. सहाव्या दिवशी घरी आणली ती झाकूनच.

वर्षश्राद्ध जवळ आलं. भिलाईहून मुलगी नवा लॅपटॉप घेऊन आली. "बाबा, आई का लिखा हुआ इसमें ले लेते हैं. वो पुराना डिब्बा कभी भी बैठ जाएगा." आमच्या पोट्टीले मराठी सगळी समजते, बोलते हिंदीत.

मी म्हटलं, "घे. श्राद्धाच्या दिवशी मी ते वाचीन. मोठ्यानं."

त्या दिवशी कावळा पिंडाले शिवते की नाही, ह्याची मले फिकीर नव्हती. बायकोनं सांगतलं होतं ते एवढं एक करायचं होतं. जिती असताना केलं नाही म्हणून.

जुना कंप्युटर चादरीत बांधला अन् ऑटोत मांडीवर घेऊन तलावाजवळच्या कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकान एका बाईचं. चाळिशीची असेल, हातात स्क्रू खोलायचा पेचकस, बोलणं सरळ. तिनं डब्ब्याचं झाकण काढलं अन् आत फुंकर मारली.

"काका, इसमें तो छिपकली के अंडे हैं."

"रहने दो. किरायेदार है."

ती हसली. पोट्टीही हसली. मीही हसलो असेन.

जुन्या डब्ब्यातून तिनं एक चपटी डबी काढली, वायर लावून लॅपटॉपले जोडली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकाले लागली. छापखान्यात शाई सुकेपर्यंत बसायचो तसा मी स्टुलावर बसलो. पट्टी भरली.

"हो गया काका. सब आ गया."

तिनं यादी दाखवली. 'शादी' अन् पुढं आकडे, 'शादी' अन् पुढं आकडे. सगळ्यात खाली एक, 'घर'. त्याच्यासमोर तारीख अन् वेळ होती, शेवटचं कधी लिहिलं त्याची. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. म्हणजे मी घोरून राहिलो होतो.

"खोलो," मी म्हटलं.

फाइल काही उघडेना. बाईनं जुन्या टायपिंगचं सॉफ्टवेअरही नव्यात टाकलं होतं, तेच अडून बसलं. ती म्हणे, "इसका लॉक चाहिए. पीछे लगता था न, छोटा सा? उसके बिना ये चालू नहीं होगा, नए में भी नहीं, पुराने में भी नहीं. लॉक कहाँ है?"

बोटाच्या पेराएवढा तो तुकडा मले माहीत होता. कंप्युटरच्या मागं लावला तरच सॉफ्टवेअर चाले. छापखान्यातून एकदा तो कोणी उचलून नेला होता, नवा घ्यावा लागला, तवापासून काम झालं की बायको काढून ठेवे. कुठं ठेवे ते मी कधी पाहिलं नाही. त्याच्यावर लाल डाग असत. मले वाटे, खंडेनवमीले पूजा करते त्याचं कुंकू असंल.

पोट्टी हळूच म्हणे, "आई तो करंडे में रखती थी. कुंकू के नीचे. आपको नहीं पता?"

बाई म्हणे, "तो घर से ले आइए न. मैं बैठी हूँ."

पोट्टीले माहीत होतं करंडा कुठं आहे. मलेही.

आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिचं कुंकू तिच्यासंगं द्यायचं. राजिमले संगमावर अस्थी सोडल्या तवा मी हिरव्या बांगड्या अन् करंडा एका फडक्यात बांधून नेला होता. घरून निघताना पोट्टी म्हणाली होती, "बाबा, एक बार खोल के देख लो." मी तिच्यावर खेकसलो. बाईचा करंडा पुरुषानं उघडू नये, माझी माय म्हणे. बायकोचं बाकी काही ऐकलं नाही मी जन्मात, पण हे मात्र नेमानं पाळलं. माझ्या हातानं सोडला. जड होता, लगेच गेला.

बाईले पोट्टीनं सांगतलं. बाईनं पेचकस खाली ठेवला. ते सॉफ्टवेअर बनवणारे केव्हाचे दुकान बंद करून गेले, नवा लॉक मिळत नाही, असं म्हणे. तरी तिनं फाइल दुसऱ्या दोन-तीन रस्त्यानं उघडून पाहिली. उघडली. पण अक्षर एकही नाही, सगळे चौकोन. एका खाली एक, चौकोनांच्या ओळी.

"पैसे मत देना काका," बाई म्हणे.

"काहून? काम तर केलं तुम्ही." मी दिले.

जुना डब्बा परत चादरीत बांधला. पोट्टी म्हणे, कबाड्याले देऊ. मी म्हटलं, राहू दे. काहून राहू दे, ते मलेही सांगता आलं नसतं.

आता रोज दुपारी लॅपटॉप उघडतो. वाचता येत नाही, पण छापणाऱ्या माणसाले पान दिसते. तिनं पॅरा कुठं पाडला ते दिसते. एका जागी ओळ लहान आहे, दोन-तीन शब्दांची, मग जागा मोकळी सोडली आहे. तिथं काय असंल ते मी लय दिवस पाहून राहिलो. समजत नाही. शेवटच्या पानावर ओळ अर्ध्यात थांबली आहे. मले चहा हवा असंल, झोपेतून उठून मी आवाज दिला असंल.

श्राद्धाच्या दिवशी लोक जमले. लॅपटॉप पाटाजवळ ठेवला होता, चष्माही लावला होता मी. पोट्टीनं इचारलं, "बाबा, कुछ बोलेंगे?"

मी नाही म्हटलं. मग पानं वाढली.