धुतलेला हौद

हौदाच्या तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात नखाएवढं शेवाळ उरलं होतं. बाकी सगळा हौद सदूभाऊ शिपायांनी काल ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासला होता आणि ताजं पाणी भरलं होतं. "सर, निघाली बघा एकदाची तुमची घाण," ते समाधानाने म्हणाले. सोळा वर्षं दर सोमवारी या हौदातलं शेवाळ मी बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आलो. तेच संशोधन पाहायला आज समिती येणार, म्हणून प्राचार्यांनी हौद धुवून घेतला.

पाहुणे येणार म्हटलं की आपण आधी घरात राहणाऱ्यांना आत पाठवतो. पाणी जिवंत असेल तर हिरवं होतं, हे मी वर्गात सांगत राहिलो. मुलं ते परीक्षेपुरतं मान्य करत राहिली.

समिती आली. फेटा सावरत तिचे अध्यक्ष हौदावर वाकले. "वा, तळ दिसतोय. हे सरांच्या संशोधनाचं फळ?" प्राचार्यांनी मान डोलावली. तेवढ्यात सदूभाऊंना तो कोपरा दिसला आणि त्यांनी ब्रश उचलला. मी बुटांसकट तीन पायऱ्या उतरलो आणि कोपरा अडवून उभा राहिलो.

"सर, पाय भिजले की," सदूभाऊ म्हणाले.

"असू दे," म्हटलं. समिती चहाला जाईपर्यंत मी हललो नाही.