सात वाट्यांखालचे हात

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं, चष्मा नुकताच बदललेला, आणि आमच्या नातीनं घरात एका शब्दाचा पसारा मांडलेला. शब्द कुठला, तर हात. तोही मराठी नव्हे, स्पॅनिश. तिकडं हाताला 'मानो' म्हणतात. स्पेनमधल्या लोकांनी तीनचारशे वर्षांपूर्वी ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत हा मानो कुठंकुठं येतो आणि काय काय करतो, यावर तिचा प्रबंध चाललेला.

पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "एका शब्दावर?"

"हो आबा."

"किती दिवस?"

"दोन वर्षं तरी."

"बाळ, दोन वर्षांत मी सबंध शब्दकोश जुळवलाय. अख्खा. अ पासून ज्ञ पर्यंत."

"जुळवलात आबा. वाचलात का?"

आमची ही स्वयंपाकघरात होती, तिथून तिचं हसणं ऐकू आलं.  शब्दकोश मी वाचला नव्हता हे खरं. पण त्यातलं एक अक्षर उलटं पडलं असतं तर मला दिसलं असतं, हेही खरं.

मी चौथी पास. नौपाड्यात एका गल्लीत छापखाना होता, तिथं बत्तीस वर्षं मी खिळे जुळवले. खिळा म्हणजे शिशाचं एक एक अक्षर, आरशातल्यासारखं उलटं. लाकडी केसमध्ये लहान लहान खण असतात, प्रत्येक खणात एकच अक्षर. मजकूर समोर ठेवायचा आणि हातानं खणातून खिळे उचलून ओळ लावायची. डोळे कागदावर, हात केसवर. लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंक, सगळं केलं. इंग्रजी येत नसताना इंग्रजीही जुळवलं, नुसत्या आकारावरून. एन आणि यू एकमेकांसारखे दिसतात, तिथं नवखे फसायचे. मी नाही फसलो कधी. आता त्या जागी दातांचा दवाखाना आहे. असो.

आम्ही राहतो वर्तकनगरला. मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात ते दिवेलागणीलाच येतात. दिवसा घरात आम्ही दोघं आणि ही नात. तिची कामाची पद्धत मला पहिल्यापासून कळली नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या करायची. वर स्पॅनिश वाक्य, त्यात मानोखाली लाल रेघ. खाली त्याचं मराठी. कोपऱ्यात पुस्तकाचा आणि पानाचा आकडा. अशा साडेतीनशेवर चिठ्ठ्या. हे सगळं कॉम्प्युटरवर का नाही, विचारलं तर म्हणाली, "आमच्या बाई म्हणतात, चिठ्ठ्या हातानं हलवल्याशिवाय डोकं हलत नाही." या बाई म्हणजे तिच्या कॉलेजातल्या मार्गदर्शक. त्यांचं हे बोलणं मात्र मला पटलं.

ती नसताना मी खालचं मराठी वाचायचो. एका चिठ्ठीत कुणी एक गृहस्थ मुलीच्या बापाकडे तिचा हात मागतोय. ते ठीक. दुसरीत रंगारी दाराला निळ्या रंगाचा आणखी एक हात मारतोय. तेही ठीक, आमच्याकडेही मारतात. एकीत वाट नदीच्या उजव्या हाताला वळतेय. पण एकीत काय, तर म्हातारी खलबत्त्याचा हात उचलते आणि चोराच्या टाळक्यात घालते.

"खलबत्त्याला हात कुठून आला? बत्ता म्हण की."

"बत्ताच आहे तो. पण ते लोक त्याला मानो म्हणतात."

"का?"

"म्हणतात, आबा."

"आणि हे? बकऱ्याचे हात शिजत घातले?"

"पाये."

"पायाला हात म्हणतात?"

ही आतून म्हणाली, "आपण नाही का खुर्चीला हात म्हणत?"

"खुर्चीचं सोड. खुर्ची कुणी खात नाही."

दोघी हसत सुटल्या. माझं डोकं चालेना. हात म्हणजे हात. माझ्या हयातीत एका अक्षराला दोन खण मी पाहिले नव्हते, आणि ही पोर एकाच शब्दाचे सात ठिकाणी सात ढीग घालत होती.

ते ढीग तिनं एका बुधवारी संध्याकाळी पक्के केले. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अकरा वाजता ते बाईंना दाखवायचे होते. विभागणी पसंत पडली तर बाई एका फॉर्मवर सही करणार आणि नात वर्षभरासाठी स्पेनला जाणार. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. पण मी एक दिवस चुकतोय. ढीग पक्के केले मंगळवारी. बुधवारी सकाळी तर ती डोंबिवलीला गेलेली, मावशीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. मंगळवारी जेवताना म्हणाली होती, "झालं बाई एकदाचं!" हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

त्या बुधवारी सकाळी निघताना तिनं जेवणाच्या टेबलावर सात ढीग ओळीनं मांडले, पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक स्टीलची वाटी पालथी घातली, नुकत्याच घासलेल्या, आणि रिक्षा मिळेना म्हणत धावत निघून गेली.

दुपारी हिनं हाक मारली. "अहो, त्या वाट्या आणा इकडं. आमटी काय ओंजळीत घेणार?"

मी वाट्या उचलल्या. आता चिठ्ठ्या उडणार. पंखा बंद करावा तर उकाडा. मी उभा राहून टेबलाकडे बघितलं आणि माझ्या मनात छापखानाच आला.

आमच्याकडे एक शिस्त होती. काम छापून झालं की जुळवलेला मजकूर तसाच टेबलावर ठेवायचा नाही. तो सोडायचा. सोडायचा म्हणजे ओळी मोडायच्या आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी हाताला सापडतो. झालेलं काम टेबलावर पडलेलं दिसलं की फोरमन आईबहिणीवर यायचा. सूट एकच. पुन्हा छापायचं असेल तर मजकुरावर चिठ्ठी ठेवायची, 'सोडू नये', आणि खाली सही. ती चिठ्ठी असली की मालकसुद्धा हात लावायचा नाही.

मी चिठ्ठी शोधली. टेबलावर बघितलं, टेबलाखाली बघितलं. 'सोडू नये' असं कुठंच नव्हतं. आणि काम तर झालेलं, ती स्वतः म्हणालेली.

मग मी सोडलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर लाल रेघेवर शब्द एकच, म्हणजे खण एकच. कोपऱ्यातल्या आकड्यांनी लावल्या, पहिलं पुस्तक, त्याची पानं, मग दुसरं पुस्तक. कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. मिठाईच्या खोक्याचा दोरा जपून ठेवलेला, त्यानं आमच्या पद्धतीनं चार वेढे घालून टोक आत दाबलं. वीट झाली नुसती. त्या दिवशी मी एक चपाती जास्त खाल्ली.

तीनच्या सुमाराला ती आली. केसांत गजरा, हातात ओटीचा नारळ. टेबलाकडे बघून तशीच उभी.

"आबा, हे कुणी केलं?"

"मी. बघ, एक पान मागंपुढं नाही."

"ढीग कुठं आहेत?"

"हा काय. एकच केला."

ती खुर्चीवर बसली. नारळ मांडीवर. मला वाटलं थकली असेल. मग बघतो तर डोळ्यांतून पाणी.

"कुठली चिठ्ठी कुठल्या ढिगात ते मी लिहून नव्हतं ठेवलं. आल्यावर फोटो काढणार होते. उद्या अकराला बाईंना काय दाखवू?"

"हेच दाखव. शब्द एक, ढीग एक."

"आबा, सात ढीग हेच माझं काम होतं!"

"मग चिठ्ठी का नाही ठेवलीस? सोडू नये अशी?"

"कसली चिठ्ठी?"

मी सगळी शिस्त सांगितली. फोरमनसकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा छापखाना नाहीये, आबा." एवढंच. आवाज चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. "मी वाट्या मागितल्या होत्या. चिठ्ठ्या मागितल्या नव्हत्या."

"तू मध्ये बोलू नकोस."

"जन्मभर उलटं वाचलंत, आता उलटं करूनही दाखवलंत."

मी गॅलरीत जाऊन बसलो. माझी चूक काय ते मला खरोखर कळत नव्हतं. नियम चुकीचा नव्हता. बत्तीस वर्षं त्या नियमानं एक खिळा हरवला नव्हता. मग पोर का रडतेय? आणि पोर रडतेय तर नियमाचं मी काय करू? समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या, त्याच बघत राहिलो. बारा की तेरा, दोनदा मोजल्या, दोन्ही वेळा वेगळ्या.

आत आलो तेव्हा दोरा सुटलेला आणि ती चिठ्ठ्या एकेक उलटत होती. एका चिठ्ठीवर माझी नजर अडकली. शाई पसरलेली. बत्तीस वर्षांत दुसरं काही नाही, पण शाई पसरलेली मला दहा हातांवरून दिसते. गोल पसरलेली. वाटीएवढी गोल.

"थांब. ओल्या वाट्या होत्या ना सकाळी?"

"असतील."

"मग प्रत्येक ढिगाच्या वरच्या चिठ्ठीवर असा डाग असणार. सात डाग शोध."

शोधले. सात सापडले. एक लग्नाच्या हाताचा, एक रंगाच्या हाताचा, एक नदीच्या वाटेचा, एक बत्त्याचा, असे करत सात. तिनं ते ओळीत मांडले, गजरा काढून बाजूला ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"आता बाकीच्या?"

"तू वाच. मी टाकतो."

ती वाचायची आणि ढिगाचं नाव सांगायची, मी टाकायचो. पहिल्या वीसपंचवीस चिठ्ठ्या मी गोंधळलो. मग हाताला खण सापडले. पुढं पुढं ती वाक्य वाचायची आणि नाव सांगायच्या आत माझा हात तिथं पोचलेला असायचा. 'धन्यानं त्याच्यावर हात उगारला.' इकडं. 'पत्त्यांचा डाव, पहिला हात पाद्रीबुवांचा.' तिकडं. का तिकडं, ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सातवा ढीग सगळ्यात लहान होता. त्याचं नाव काय विचारलं, तर म्हणाली, "न कळलेले."

त्यातली एक चिठ्ठी: 'कारकुनाने पाच हात कागद आणि दौत आणवली.'

"कागद हातानं मोजतात का आबा, कापडासारखा?"

"छे. कागद दस्त्यानं. पाच दस्ते असतील."

"दस्ता म्हणजे?"

"चोवीस ताव. वीस दस्त्यांचं एक रीम. एवढं माहीत नाही आणि प्रबंध लिहितेस?"

तिनं जाडा कोश काढला. बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. फक्त त्यांचे पंचवीस."

"तिकडचे व्यापारी बरे म्हणायचे."

"आबा, दस्त म्हणजे फारसीत हातच."

 बत्तीस वर्षं मी दस्ते उचलले, फोडले, मशीनपाशी नेऊन ठेवले. हात उचलतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऐकूनही पुरतं पटलं असं नाही. हातात हात कसा मोजायचा? तिनं त्या चिठ्ठीसाठी आठवी जागा केली. वाट्या सातच, म्हणून हिनं लोणच्याच्या बरणीचं झाकण पुसून दिलं. या वेळी सगळं कोरडं.

आठ वाजत आले होते, मुलगा आणि सून येऊन टेबलाकडे बघत उभे होते. सुनेनं विचारलं, "जेवायचं कुठं?" ही म्हणाली, "जमिनीवर. टेबलावर हात जेवतायत."

जेवताना नातीनं विचारलं, "आबा, ती चिठ्ठी असते ना तुमची, तिच्यावर सही कुणाची असते?"

"मजकुराला काही झालं तर ज्याला बोल लावायचा, त्याची."

"म्हणजे माझी हवी होती."

मी पेल्यातली आमटी ओरपली. माफी मागायची मला सवय नाही, आणि कशाची मागायची हे तोवर माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठलो. पंखा बंद केला. ही वाट्या मागायला आली, तिला सांगितलं, आज चहा कपातच होतो, वाट्यांना काय काम? मग एकेक ढीग उचलून कडा ठोकल्या, वेगवेगळा बांधला, चार वेढे आणि टोक आत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागून आठ चिठ्ठ्या फाडल्या, प्रत्येकीवर ठळक लिहिलं, 'सोडू नये', आणि आठही ठिकाणी खाली माझी सही केली.