फ्रिजात दोन, पडद्यावर शून्य

वहिनीने सतराव्यांदा बटण दाबलं. सतराव्यांदा शून्य.

“ताई, परत एकदा मोजा.”

“अहो, दोन पिशव्या मोजायला काय पाटी-पेन्सिल घेऊ?” फोनच्या पलीकडे रक्तपेढीतल्या ताई वैतागल्या. “वरच्या फळीवर, एकीला एक लागून. बी निगेटिव्ह. फ्रिजचं दार उघडं धरून उभी आहे मी, आता तो बोंबलायला लागेल.”

“लावा दार. मला कळलं.”

पण कळलं काहीच नव्हतं. फ्रिजात दोन आणि पडद्यावर शून्य. वहिनीने माउस असा आपटला की शेजारच्या टेबलावरच्या पोराने कानातली वायर काढून बघितलं. “तुझं काही नाही, तू गाणी ऐक,” ती म्हणाली.

तिला ऑफिसात सगळे वहिनी म्हणतात, कारण तिचा नवरा त्याच कंपनीची रक्ताची गाडी चालवतो आणि त्याला सगळे दादा म्हणतात. ती आली होती पिशव्यांवर लेबलं चिकटवायला. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. लेबलं चिकटवता चिकटवता लेबलांचं मशीन दुरुस्त करायला लागली, मग त्याच्यामागचा कॉम्प्युटर, आणि नऊ वर्षांत गेटवे तिच्या गळ्यात पडला. गेटवे म्हणजे दार. सहा रक्तपेढ्या, चाळीस दवाखाने. कुठल्याही दवाखान्याने ‘अमुक रक्त किती आहे’ असं विचारलं की तो प्रश्न आधी या दारावर येतो. दार तो आत सोडतं आणि उत्तर बाहेर आणून देतं. दार नीट चाललं तर वहिनीचं नाव कोणी काढत नाही. अडकलं की चाळीस दवाखाने एकदम तिच्या डोक्यावर बसतात.

हे शून्याचं प्रकरण आदल्या दिवशी जेवताना सुरू झालं. दादा ताटात बघत म्हणाला, “आज परत निगेटिव्हची पिशवी भट्टीत टाकून आलो. महिन्यातली तिसरी.”

“का?”

“तारीख संपली. कोणी मागितलीच नाही म्हणे.” मग घास तसाच हातात ठेवून म्हणाला, “आणि परवा घाटावरच्या दवाखान्यात एक म्हातारा माझ्या गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडत होता. त्याला तेच रक्त पाहिजे होतं. पडद्यावर शून्य दाखवतंय म्हणाले. अगं, तू त्या दारावर बसतेस ना?”

वहिनीने ताट बाजूला सारलं. तिला कोणी कामचुकार म्हटलं तर ती हसून सोडून देईल. पण तिचं दार खोटं बोलतंय हे तिच्या नवऱ्याने ताटावर बसून सांगावं? सकाळी सात वाजता ती ऑफिसच्या कुलपासमोर उभी होती.

आणि दहा वाजता त्याच घाटावरच्या दवाखान्यातून फोन. एक शिलाईवाली बाई जिन्यावरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर तयार, टेबल तयार, रक्त नाही. बी निगेटिव्ह. तिला ओ निगेटिव्हसुद्धा चाललं असतं, पण सहाही पेढ्यांना फोन करून झाले होते, ते कुठेच शिल्लक नव्हतं. शेजारी रक्त असल्याशिवाय डॉक्टर सुरी हातात घेणार नव्हते. दीड वाजेपर्यंत सोय झाली नाही तर तिला मोठ्या शहरात पाठवायचं ठरलं होतं. मोडलेली मांडी घेऊन पाच तास, त्या खड्ड्यांतून.

आता कोणी म्हणेल, पिशव्या फ्रिजात आहेत तर उचला आणि द्या. दादाही तेच म्हणाला. तो पेढीबाहेर गाडीला टेकून उभा होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करत होता. “मी ताईंच्या दारात उभा आहे अगं. दोन पावलांवर फ्रिज आहे.”

“बुकिंग नंबर आहे का तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग हात नका लावू.”

दोन वर्षांपूर्वी एक पिशवी भलत्याच दवाखान्यात गेली होती. तेव्हापासून नियम. दवाखान्याने पडद्यावरून बुक करायचं, नंबर यायचा, त्या नंबरावर पिशवी बाहेर. नियम चांगलाच होता. फक्त पडद्यावर शून्य असलं की बुकिंगचं बटण दाबलंच जात नव्हतं.

वहिनीने दाराचे नियम उघडले आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला लागली.

रक्तपेढीचा साठा सांगणारं मागचं मशीन जुनं आहे, एका प्रश्नाला तीन-तीन सेकंद घेतं. म्हणून दारापाशी एक कप्पा केलेला आहे, ताज्या उत्तरांचा. त्याला कॅश मेमरी म्हणतात. प्रश्न आला की दार आधी कप्प्यात बघतं. उत्तर सापडलं तर तिथूनच देतं. नाही सापडलं तर मागे जाऊन विचारतं. साधी गोष्ट आहे. दुकानदार तोंडपाठ भाव पटकन सांगतो आणि नसलेल्या वस्तूसाठी आत जाऊन बघतो, तितकीच.

ओळी अशा होत्या. पहिली, कप्प्यात बघ. दुसरी, तिथे काही नसेल तर शून्य धर. तिसरी, उत्तर रिकामं असेल तर मागे जाऊन विचार.

वहिनीने दुसरी ओळ तीन वेळा वाचली. मग तळपायाची आग मस्तकात गेली. कप्प्यात काही नसलं की दार स्वतःच शून्य धरत होतं. आणि एकदा शून्य धरलं की उत्तर रिकामं कुठे राहिलं? तिसऱ्या ओळीवर पाळी यायचीच नाही. दार आत जातच नव्हतं. उंबऱ्यात उभं राहून, आत न डोकावता, ‘नाही हो, काही नाही’ म्हणून लोकांना हाकलत होतं.

ती उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. साहेबांना सगळे थांबासाहेब म्हणतात. का, ते त्यांनी लगेच दाखवलं.

“साहेब, एक ओळ काढायची आहे.”

“थांबा.” त्यांनी चष्मा शोधला, पुसला, घातला. “सोमवारी तपासणी आहे. तोवर गेटवेला हात लावायचा नाही, असं लेखी आहे. फारच गरज असेल तर तीन सह्या. माझी, वरच्या ऑफिसची आणि सुरक्षा विभागाची.”

“करा तुमची. बाकीच्या आणते.”

“सुरक्षावाले रजेवर आहेत.”

“बाईची मांडी मोडली आहे, साहेब. दीड वाजता तिला गाडीत घालतील.”

“मला काय आनंद होतोय का? पण चुकीचं काय आहे त्यात? उत्तर नसलं की शून्य. पूर्वी रिकामा चौकोन दिसायचा, तर दवाखाने फोन करकरून जीव खायचे. म्हणून तर ती ओळ टाकली.”

“उत्तर नाही म्हणजे माहीत नाही, साहेब! माझा फोन लागला नाही तर मी मेले असं लिहिणार का तुम्ही?”

“आवाज.”

“आवाज काय घेऊन बसलात? रक्त आहे आणि आपण नाही सांगतोय!”

“वहिनी, तुमची तळमळ कळते. अर्ज करा. मी स्वतः पाठवतो पुढे.”

अर्ज. तिने बाहेर येऊन पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि निम्मं पाणी अंगावर सांडलं. बारा वाजून दहा मिनिटं. तिच्याकडे पासवर्ड होता. एक ओळ, दोन सेकंद, कोणाला पत्ताही लागला नसता. बोट त्या बटणावर गेलंही. पण सोमवारी तपासणीत ते निघालं असतं, आणि नियम मोडून दार उघडणारीच्या हातात दार ठेवत नाहीत. मग त्या जागी कोण बसलं असतं? थांबासाहेबांचा कोणी तरी थांबापुत्र. तिने हात मागे घेतला आणि स्वतःलाच एक शिवी दिली.

मग तिच्या डोक्यात आलं, की पॉझिटिव्ह गटांना काहीच कसं होत नाही? दार तेच. ओळी त्याच. त्यांचे आकडे तर बरोबर येतात. म्हणजे त्यांची उत्तरं कप्प्यात आधीच असतात. मग ती ठेवतं कोण?

शोधलं. एक छोटा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी मागच्या मशीनला विचारून कप्पा भरत होता. कोणकोणत्या गटांचं विचारायचं त्याची यादी होती. यादीत चार नावं, चारही पॉझिटिव्ह. निगेटिव्ह रोज विचारतंय कोण, हवं तेव्हा दार मागे जाऊन विचारेल, असा हिशोब कोणी तरी केला होता. त्या वेळी तो बरोबरच होता. शून्याची ओळ नंतर आली. दोघांनी आपापलं काम केलं आणि मधल्या फटीत चार रक्तगट गडप झाले. मुळातच कमी असलेलं रक्त, त्यामुळे शून्य दिसलं तरी कोणाला नवल वाटलं नाही.

आणि ती यादी गेटवेत नव्हती. ती रक्तपेढीची होती. बदलायचा अधिकार पेढीच्या माणसाला. सह्या नाहीत, अर्ज नाही.

“ताई! तुमच्या कॉम्प्युटरवर भरणी यादी म्हणून काही आहे?”

“मला ते उघडायला सांगू नका बाई. मागे मी एकदा तारीख बदलली तर सगळे आकडे लाल झाले होते.”

“ताई, उघडा.”

“पासवर्ड लागतो.”

“तुम्ही तो फ्रिजच्या मागच्या कागदावर लिहिलाय. दादाने बघितलाय.”

पलीकडे कागद ओढून काढल्याचा आवाज. मग, “तुमचा नवरा फार बघतो हो.”

ताईंना एकेक अक्षर सांगत चारही निगेटिव्ह गट यादीत टाकून घ्यायला वीस मिनिटं गेली. एक वाजला. आता पाच मिनिटं थांबायचं. वहिनीने दुसऱ्या फोनवर घाटावरच्या दवाखान्यातला कारकून धरून ठेवला होता. तो म्हणाला, “मॅडम, गाडी लागलीय दारात. बाईला स्ट्रेचरवर घेतलंय.”

“घेऊ दे. तू बटणावरचं बोट काढू नकोस.”

एक पाच. शून्य.

“ताई! टाकलं ना तुम्ही?”

“टाकलं की. दिसतंय मला, आठ नावं.”

“खाली हिरवं बटण आहे, ते दाबलं?”

“कुठलं हिरवं?”

वहिनीने कपाळ टेबलावर टेकवलं. शेजारच्या पोराने परत वायर काढली. “ताई,” ती एकेक शब्द चावत म्हणाली, “खाली. उजवीकडे. हिरवं.”

“हां, हे होय! मला वाटलं ते शोभेचं आहे.”

पाच मिनिटांची ती फेरी वाया गेली होती. पुढची एक दहाला. पेढीबाहेर दादाने गाडी सुरू केल्याचा आवाज फोनमधून येत होता. नंबर नाही, पिशवी नाही, तरी इंजिन सुरू. तिच्यावर त्याचा असा विश्वास, की पडद्यावर शून्य असतानाही तो गाडी बंद करायला तयार नव्हता.

एक दहा. तिने एकोणिसाव्यांदा बटण दाबलं.

दोन.

“दाब!” ती इतक्या जोरात ओरडली की कारकुनाने बटण दोनदा दाबलं. नंबर आला. ताईंनी दोन्ही पिशव्या थंड पेटीत घालून दादाच्या हातात दिल्या. स्ट्रेचर दारातून परत आत वळलं. तास-सव्वा तासाचा रस्ता दादाने किती वेळात कापला ते त्याने कधीच नीट सांगितलं नाही, पण गाडीचा एक आरसा त्या दिवसापासून नाही.

संध्याकाळी तो घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, “झालं ऑपरेशन. बाई बरी आहे.”

“पिशव्या?”

“लागल्या दोन्ही.”

वहिनी तशीच भिंतीला टेकून बसली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी थांबासाहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले. “बघा, निघाला ना मार्ग? आता ती ओळ कशाला बदलायची?”

“यादीत नसलेलं आणखी काय काय आहे, माहीत आहे साहेब? प्लेटलेट, प्लाझ्मा. सगळ्याला शून्य सांगतोय आपण.”

“थांबा...”

“आता नाही थांबत.”

थांबावं लागलंच. अर्ज सात आठवडे फिरला. एका सहीचा माणूस बदलला, तेव्हा अर्ज पुन्हा पहिल्यापासून. वहिनी रोज सकाळी आधी वरच्या ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहायची, मग आपल्या टेबलावर. तिथल्या शिपायाने तिला खुर्चीच काढून दिली. शेवटी ओळ निघाली. आता कप्प्यात काही नसलं की दार मागे जाऊन विचारतं, आणि मागचं मशीन बंद असेल तर पडद्यावर येतं, ‘माहीत नाही, पेढीला फोन करा’. पहिल्याच दिवशी अकरा दवाखान्यांच्या तक्रारी आल्या, की हे काय नवीन. अकराही फोन वहिनीने घेतले. एकालाही तिने सॉरी म्हटलं नाही.

वर्षाच्या शेवटी साठ्याचा मेळ घालायला तिला भट्टीचं रजिस्टर मागवावं लागलं. त्यात बी निगेटिव्हच्या त्या दोन पिशव्यांचे नंबर होते, घाटावरच्या ऑपरेशननंतरच्या दुसऱ्याच दिवसाच्या तारखेला. तिने दवाखान्याला फोन केला. पिशव्या शेजारी होत्या म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं होतं, पण बाईला रक्त द्यायची वेळच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुदत संपली आणि दादाने त्या न उघडता परत नेल्या होत्या. रजिस्टरात सही त्याचीच होती. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येकाने ‘मुदत संपली’ लिहिलं होतं. त्या एका ओळीत, दादाच्या वाकड्या अक्षरात, लिहिलं होतं, ‘काम झालं’.