फ्यूज माझ्या खिशात होता

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतो आणि बायकोला वाचून दाखवत हसतो. झोपेत दिसलं असेल, वारा असेल, नाहीतर मांजर... माझं उत्तर तयारच असायचं. मी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये सतरा वर्षं इलेक्ट्रिक खात्यात काढलेला माणूस. जिथे करंट नाही तिथे काही हलत नाही आणि काही वाजत नाही, यापलीकडे माझा कशावर फारसा विश्वास नव्हता. आजही नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची मिल बंद पडली आणि मी मल्हारगंजात एका गल्लीत दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. टेपरेकॉर्डर, लाऊडस्पीकर, मिक्सर, जे येईल ते. एक दिवस देपालपूरकडच्या एका खेड्यातल्या चर्चचे पास्टर आले. त्यांच्याकडे मिशनच्या काळातला एक इलेक्ट्रॉनिक ऑर्गन होता. बाजारात नवे हलके कीबोर्ड यायला लागले होते आणि कुणीतरी एक भेट द्यायला तयार होतं. पण चर्चच्या कमिटीत एक म्हातारा जुना ऑर्गन काढू द्यायचा नाही म्हणून अडून बसला होता.

"भिया, आप देख लो," पास्टर म्हणाले. "सुधर सकता है तो ठीक. नहीं तो 'नहीं' लिख के दे दो. आपका लिखा सब मानेंगे."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही भी ना! हार्मोनियमचे सूर तुम्हाला कळत नाही, अन् चालले चर्चची पेटी बघायला!"

"सूर नाही कळत, करंट कळतो ना," मी म्हटलं.

चर्च लहानसं होतं. कौलारू छप्पर, पंधरा-वीस बाकं, समोर गव्हाचं शेत. ऑर्गनजवळच्या स्टुलावर तो अडून बसलेला म्हातारा होता. पतरसजी. मी नमस्कार केला तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मला लगेच कळलं. लूम खात्याचा माणूस! शेकडो मागांच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या विणकरांचे कान जातात. ते ओठ वाचतात आणि आपापसात आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. मिलमध्ये राहून ती भाषा मलाही येत होती. मी नुसते ओठ हलवून विचारलं, "कौन सी मिल?"

आमचीच निघाली. म्हातारा असा काही हसला, जसा काही मी त्याच्या सासरचा पाहुणा!

मग त्यांनी सगळं सांगितलं. हा ऑर्गन त्यांची बायको मार्था वाजवायची. पतरसजी सहा दिवस मिलमध्ये असत आणि रविवारी बसने गावी येत. कान गेल्यावर ते ऑर्गनच्या लाकडी कुशीवर हात ठेवून बसायला लागले. लाकडातून हाताला सूर कळायचा. सगळ्यात खालचा जाड सूर हाताला सगळ्यात चांगला लागतो, हे मार्थाच्या लक्षात आलं. म्हणून प्रत्येक गाणं संपलं, लोक खाली बसले, की ती पायाखालची शेवटची पट्टी दाबून तेवढा एकच सूर धरून ठेवायची. लोकांना वाटायचं, बाईंची सवय आहे.

"वो मेरे वास्ते था," पतरसजी म्हणाले.

मिल बंद झाली तेव्हा सगळे रडत होते. पतरसजी मात्र मनात म्हणाले, चला, आता रोज ऐकीन. चार महिन्यांत मार्था गेली.

हे ऐकल्यावर मला तो ऑर्गन नीट करायचाच होता, हे खरं सांगतो. चालू करून बघितला. आतल्या ट्रान्सफॉर्मरची नुसती घरघर, एकही पट्टी बोलेना. तेवढ्यात लाईट गेली. मी प्लग काढला, फ्यूजही काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. ही मिलची शिस्त. मशीनमध्ये हात घालायचा असेल तर फ्यूज आपल्याच खिशात हवा, म्हणजे दुसरा कुणी चुकूनही करंट सोडू शकत नाही. मग मागची फळी उघडली. आत उंदरांनी संसार थाटला होता. वायरी कुरतडलेल्या, सर्किटच्या पट्ट्यांना हिरवा गंज, आणि स्पीकरचा कागद तर पार खाऊन टाकलेला. नुसता लोखंडी सांगाडा उरला होता. त्याचे भाग आता कुठेच मिळत नव्हते. मेलेलं मशीन होतं ते.

पतरसजी माझ्यासाठी विहिरीवरून पाणी आणायला गेले होते. दुपारचे दोन वाजले असतील. मी एक हात आत घालून, दुसरा लाकडावर टेकवून वाकलो होतो. आणि सूर लागला.

एकच. जाड, खालचा, न थरथरणारा. आधी हाताला लागला, मग कानाला. मी पायाच्या पट्ट्यांकडे बघितलं. एकही दबलेली नव्हती. खिसा चाचपला, फ्यूज खिशात. प्लग जमिनीवर. लाईट गेलेलीच. सूर चालूच... माझ्या कोपरापर्यंत हात झिणझिणत होता.

मी वर बघितलं तर बाजूच्या दारात पतरसजी, हातात पाण्याचा लोटा. माझा चेहरा बघून ते थबकले. चार पावलांवर होते. त्यांनी आवाज न काढता नुसत्या ओठांनी विचारलं, "बजा क्या?"

सूर चालू होता. त्या क्षणीही चालू होता.

आणि मी ओठांनीच म्हणालो, "नहीं."

का म्हणालो? घाबरलो होतो. मेलं म्हणून ठरवलेलं मशीन वाजतंय हे कबूल करायची लाज वाटली. म्हाताऱ्याला उगाच आशा नको, असंही नंतर मीच मला समजावलं. सगळं खरं असेल, पण त्यातलं एकही कारण पुरत नाही.

सूर थांबला. मग पतरसजी जवळ आले, लोटा ठेवला आणि सवयीने लाकडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढून घेतला. "आपने देख लिया ना, बस," म्हणाले. मी कागदावर लिहिलं, दुरुस्ती शक्य नाही. सही केली. पुढच्याच आठवड्यात ऑर्गन भंगारात गेला.

नंतर मी ओळखीच्या इंजिनिअरांना खूप विचारलं. एक म्हणाला, कंडेन्सरमध्ये चार्ज राहिला असेल. अहो, राहील, पण त्या फाटक्या स्पीकरमधून तो वाजणार कसा? आणि इतका वेळ? मला झोप लागेना. शेवटी वर्षभराने मी एकटाच बसने त्या गावी गेलो.

पतरसजी चर्चच्या ओट्यावर बसले होते. मी समोर उकिडवा बसलो आणि ओठांनी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कितनी देर?"

"आप दरवाजे पे आए, तब तक. उसके बाद भी थोड़ा."

त्यांचे डोळे भरून आले. मग म्हणाले, "लकड़ी पे कौन सा हाथ था आपका?"

मी डावा हात पुढे केला. त्यांनी तो उघडा करून स्वतःच्या मांडीवर ठेवला, त्यावर आपला तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मी तसाच रडत बसलो. माझी बस निघून गेली.

त्याला आता खूप वर्षं झाली. पतरसजीही गेले. तो सूर कुठून आला, मला आजही माहीत नाही. ज्याच्यासाठी आला तो माणूस चार पावलांवर उभा होता आणि मी त्याला "नहीं" म्हणालो, एवढं माहीत आहे.