छत ठोकणारे आबा

शेजारच्या नव्या इमारतीत फरशी बसवणं चाललं आहे. मिस्त्री प्रत्येक फरशीवर थापीच्या मुठीने ठोकतो, आणि जळगावच्या कोरड्या, लख्ख सकाळी दोन तऱ्हेचे नाद माझ्या गच्चीपर्यंत येतात: एक भरीव, घट्ट, दुसरा पोकळ, खालच्या रितेपणाची चुगली करणारा. चहा निवत जातो आणि मी ऐकत राहते. इतरांना हा उपद्रव वाटेल. मला मात्र माझे आबाच येताहेत असं वाटतं!

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. नशिराबादचा हा माणूस ऐन तारुण्यात चांद्याकडच्या दगडी कोळशाच्या खाणीत गेला आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिला. खाणीच्या कुशीतल्या त्या खेड्याचं वर्णन आई अजून करते: सकाळी वाळत घातलेलं लुगडं संध्याकाळी राखाडी व्हायचं, आणि पाळी सुटली की काळ्या चेहऱ्यांच्या गर्दीत प्रत्येक बाई आपला माणूस चालीवरून ओळखायची. आबांचं काम छताचं. सुरुंग उडाल्यावर, बाकीच्यांनी आत पाऊल टाकण्याआधी, ते एकटे पुढे जायचे आणि डोक्यावरचा खडक लोखंडी सळईने ठोकून पाहायचे. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर सुटलेला. सुटलेला असेल तो पाडायचा, नाहीतर त्याला लाकडाचे टेकू द्यायचे, आणि मगच मागे थांबलेल्यांना आत या म्हणून हाक मारायची. किती घरांच्या चुली त्या एका हाकेच्या भरवशावर पेटत असतील! मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कुणाच्या वंशावळीत सरदार असतात, दिवाण असतात. आमच्याकडे सर्वांच्या आधी अंधारात शिरणारा माणूस आहे.

खाण सुटली तरी सवय सुटली नाही. गावी परतल्यावर आबा कुणाच्याही उंबऱ्यात थबकायचे, काठी उंचावून छताला ठोकायचे, कान द्यायचे, मगच आत. गावाने यथेच्छ थट्टा केली. आबाही हसायचे, आणि पुढच्या दारात पुन्हा ठोकायचे.

आईचं लग्न मात्र या सवयीपायी मोडता मोडता राहिलं. चोपड्याजवळच्या एका गावी आमची मंडळी घर पाहायला गेली होती. आईने मुलाला आधीच पाहिलेलं, मनोमन होकारही दिलेला. घर धाब्याचं, म्हणजे लाकडी कड्यांवर काटक्या आणि वर मातीचा जाड थर. आबांनी उंबऱ्यात काठी उचलली. बद्द! पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा उतरला, आणि भरल्या बैठकीत त्यांनी सांगून टाकलं की हे छत सुटलंय, याच्याखाली मी मुलगी द्यायचा नाही. आता मातीचं धाबं बद्द वाजणार नाही तर काय खणखणणार? खडकाची परीक्षा त्यांनी मातीला लावली होती. मुलाचे काका तडक उठून उभे राहिले, पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. नशिराबादला वाट पाहत बसलेल्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात मुलाची आजी, जिला सगळे अक्का म्हणत, आतून आली. तिने आबांना शांतपणे धाब्याचं बांधकाम समजावलं, खाली बसवलं, आणि मग आपल्याच माणसांकडे वळून ती अहिराणीत म्हणाली, "जो बाप पोर देवाना पहिले तिना डोकावरलं छत ठोकी देखस, त्यानीच पोर आम्हले जोयजे."

छत पारखून मगच लेक देणाऱ्या बापाचीच लेक हवी, हे काकांना पटलं आणि ते बसले. आबा ओशाळून हसले आणि आपली चूक झाली म्हणाले. बुद्धवंदनेच्या सुरांत लग्न लागलं, आणि त्या 'सुटलेल्या' छताखाली यथावकाश मी जन्मले.

बाहेर मिस्त्रीचं ठोकणं पुन्हा सुरू झालं आहे. मला गेल्या महिन्यातली एक खोली आठवते. लेकीची पहिली नोकरी, परकं शहर, भाड्याची जागा. सामान घेऊन आम्ही दारात उभ्या होतो. ही पोर इथे एकटी कशी राहील? तिने आबांना कधी पाहिलेलं नाही, त्यांच्या गोष्टी तेवढ्या आजीकडून, म्हणजे माझ्या आईकडून, ऐकल्या आहेत. तिने मला हाताने मागे थांबवलं. एकटी पुढे गेली, कोपऱ्यातला झाडू उलटा धरला आणि छताला ठोकून कान दिला. मग मागे वळून मला हाक मारली, "आई, ये आता आत."