वळणावरची खोली

माझे धाकटे दीर पाणी खात्यात ओढा मोजायच्या कामावर आहेत. ओढ्यात लाकडाचा तुकडा सोडायचा, या खांबापासून त्या खांबापर्यंत जायला त्याला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि आलेला वेग थोडा कमी धरायचा. कारण वरचं पाणी पळतं, तळाचं दगडगोट्यांना घासत रखडतं. वरचा वेग सगळ्या पाण्याचा समजलात तर फसलात. या कामाला पगार मिळतो यावर आमच्या गल्लीचा अजून विश्वास नाही. गल्ली त्यांना ओढ्याचा कारकून म्हणते.

माणूस अबोल. विचारलं तर उत्तर, तेही मोजूनमापून. घरातलं शेंडेफळ असून जन्मात कशाचा हट्ट केला नाही, याचं सासूबाईंना कौतुक कमी आणि वाईट जास्त वाटायचं.

आमचं घर ओढ्याच्या वळणावर, बाहेरच्या अंगाला. मागची खोली सासूबाईंची, अगदी काठाशी. वरच्या अंगाला नवा पूल झाला आणि त्याच्या भिंतींनी पात्र आवळलं. जेवताना दीर म्हणाले, "पाणी तेवढंच आहे, वाट अरुंद झाली. आता ते जोरात येणार, वळणावर आपल्या काठाला धडकणार आणि खालची माती नेणार. आई, तू खोली बदल."

"ओढा मला तू शिकवणार? लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय त्याला," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या ह्यांनी समजावलं. मी तर रडले. ते नाटक नव्हतं, मला खरंच भीती वाटत होती. सासूबाई ढिम्म. पलीकडच्या, आतल्या काठाला मात्र पाणी संथ. तिथे गाळ साचून शेजाऱ्याचं अंगण वाढत चाललं होतं. त्याने त्यावर बाक टाकला आणि आमच्या घराकडे तोंड करून बसू लागला.

दीर रोज काठ मोजायचे. एके दिवशी मोजून आले, हातपाय धुतले आणि सासूबाईंसमोर उभे राहिले.

"आई, मला तुझी खोली हवी. बाहेरच्या खोलीत झोपून कंटाळलो."

सासूबाई बघतच राहिल्या. मग माझ्यावर खेकसल्या, "उभी काय राहिलीस? ट्रंक उचल माझी. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय पोरानं." दुपारच्या आत त्या पुढच्या खोलीत आल्या.

दिरांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि झोपत राहिले बाहेरच. सासूबाईंनी विचारलं की म्हणायचे, "आधी रंग देऊन घेतो." रंग काही आला नाही.

मग पावसाने जोर धरला. आम्ही सगळे पुढे जेवत असताना मागची खोली खिडकीसकट ओढ्यात गेली. आवाज झाला तसा दिरांनी हातातला घास खाली ठेवला, सासूबाईंकडे पाहिलं आणि रडायला लागले. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"आता रडून काय उपयोग?" सासूबाई म्हणाल्या.

येणाऱ्याजाणाऱ्याला त्या अजून सांगतात, "एवढ्या हौसेनं खोली दिली याला. मी राहत होते तोवर भिंतीला साधी चीर नव्हती. याला एक पाऊस सांभाळता आली नाही."

मागे एकदा पाहुण्यांसमोर मला राहवलं नाही, मी तोंड उघडलं. दीर घाईघाईने म्हणाले, "वहिनी, राहू द्या." आणि सासूबाईंकडे वळून, "चुकलंच माझं, आई."